गृहप्रवेशाची उलटी वाट : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातील अमेरिका-पर्व

(१)

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जीवन मराठी वाचकाला अपरिचित नाही. किंबहुना ते इतके परिचित आहे की त्याचा पुनर्विचार करण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी, तिचे राम जोगळेकरांनी केलेले नाट्यरूपांतर, अंजली कीर्तने यांचे १९९७ मधील संशोधनपर चरित्र आणि २०१९ मधील मराठी चित्रपट अशा अनेक वाटांनी हे जीवन मराठी मनात रुजले आहे. यांतील कादंबरीचा प्रभाव विशेष मोठा आहे. तिच्या शीर्षकातच पती-पत्नींची नावे जोडलेली असल्यामुळे आनंदीबाईंचे चरित्र म्हणजे गोपाळरावांच्या हट्टाची फलश्रुती, असे समीकरण सर्वसामान्य वाचकाच्या मनात दृढ झाले आहे.

हे समीकरण सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. आनंदीबाई अमेरिकेस एकट्या गेल्या आणि गोपाळराव त्यांच्यामागून तेथे पोहोचले, या घटनाक्रमाकडे त्यामुळे पुरेसे लक्ष जात नाही. पतीच्या घरी पत्नीने माप ओलांडून जावे, नव्या नावाने नवे आयुष्य सुरू करावे, ही आपल्याकडची रीत. येथे परदेशात आधी पत्नीने आपले जग उभे केले आणि त्या जगात पतीला घेण्याची पाळी तिच्यावर आली. प्रस्तुत लेखात आनंदीबाईंचे जीवन या उलट्या गृहप्रवेशाच्या अनुषंगाने पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

(२)

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी घराण्यातील गणपतराव आणि गंगाबाई यांची ही कन्या. घराण्याला एकेकाळी जमीनजुमला होता, पुढे परिस्थिती खालावली. तथापि वाड्याचे वळण आणि जुन्या प्रतिष्ठेची जाणीव शिल्लक होती.

ज्या कल्याणात त्यांचे बालपण गेले, ते गाव त्या काळी दोन युगांच्या सांध्यावर उभे होते. खाडीवरचे प्राचीन बंदर आणि मराठेशाहीतील सुभ्याचे ठिकाण ही त्याची जुनी ओळख होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये तो मार्ग कल्याणपर्यंत आला. आगगाडीबरोबर टपाल, तार, सरकारी कचेऱ्या आणि त्या कचेऱ्यांतील बदलीचे कारकून आले. गावात सार्वजनिक वाचनालयही १८६४ मध्ये सुरू झाले होते. अर्थात, वाचनालय गावात असणे आणि मुलींच्या हाती पुस्तक असणे या त्या काळी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. यमुनेला अक्षरओळख झाली ती घरातच. तिचे खरे शिक्षण मात्र विवाहानंतरचे.

गोपाळ विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे, टपालखात्यात नोकरीस असलेले विधुर गृहस्थ. पत्नीला शिकवता यावे, ही त्यांची विवाहाची अट होती. १८७४ मध्ये, यमुनेच्या वयाच्या नवव्या वर्षी, हा विवाह झाला. दोघांच्या वयांत सुमारे वीस वर्षांचे अंतर होते. रीतीप्रमाणे यमुनेची आनंदी झाली. नव्या नावाबरोबर पाटी-पुस्तकही आले, एवढाच या विवाहाचा वेगळेपणा. पण त्या काळाच्या मानाने तो लहान नव्हे.

(३)

टपालखात्यातील बदल्या हे या संसाराचे मुख्य सूत्र होते. कल्याणनंतर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर बंगाल असा प्रवास झाला. प्रत्येक ठिकाणी नवे बिऱ्हाड, नवे शेजारी आणि नव्याने सुरू होणारी कुजबुज. पुरुषाबरोबर फिरावयास जाणारी, बूट घालणारी, पुस्तक हाती घेऊन शाळेत जाणारी ब्राह्मणाची सून हा रस्त्यावरच्या माणसांच्या कुतूहलाचा आणि टवाळीचा विषय होता. पुढे फिलाडेल्फियात परक्या नजरांना सामोरे जाण्याचे बळ त्यांना लाभले, त्याची तालीम अलिबाग-कोल्हापूरच्या रस्त्यांवर झाली होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

घराच्या आतली तालीम अधिक कठोर होती. अभ्यासात कसूर झाली तर गोपाळराव मारीत. हाताशी येईल ती वस्तू फेकीत. सोडून जाण्याची धमकी देत. हा तपशील लोकप्रिय कथनांत एक तर वगळला जातो किंवा ध्येयवेड्या गुरूचा विक्षिप्तपणा म्हणून सौम्य केला जातो. स्वतः आनंदीबाईंनी तो अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात नोंदवला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

१८७८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना पुत्र झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या निश्चयाचे मूळ या दुःखात शोधले जाते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु केवळ वैयक्तिक शोकातून हा निश्चय आला असे मानले तर त्यातील सामाजिक आकलन झाकले जाते. पुरुष डॉक्टरला दाखवण्याचा संकोच आणि स्त्री डॉक्टरचा अभाव यांमुळे घरोघरच्या बायका विनाउपचार मरतात, हे त्यांनी पाहिले होते, आणि पुढे जाहीर सभेत त्यांनी तेच कारण मांडले.

(४)

अमेरिकेचा विषय प्रथम निघाला तो पत्रव्यवहारातून. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याशी संपर्क साधला. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा आणि त्यासाठी साहाय्याची विनंती असा त्याचा आशय होता. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सूचित केली; जोशी दांपत्याला ती मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो १८८० मध्ये दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत असताना वाचला आणि तिने आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. धर्माची अट न घालता पुढे आलेला हा पहिला हात होता. पुढील काळात आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या. ज्या घरात त्या १८८३ मध्ये उतरल्या, त्याचा पाया असा तीन वर्षांच्या पत्रांतून आधीच घातला गेला होता.

गोपाळरावांचा मूळ बेत दोघांनी मिळून जाण्याचा होता. पैसा आणि नोकरी यांचे गणित जमेना, तेव्हा पत्नीला एकटीला पाठवण्याचा निर्णय झाला. १८८३ च्या हिंदुस्थानात हा निर्णय किती धाडसाचा होता हे वेगळे सांगावयास नको. समुद्रपर्यटनाने पुरुषालाही जातीबाहेर टाकले जाई. येथे तर अठरा वर्षांची विवाहिता पतीशिवाय निघाली होती. बंगालमधील हिंदी समाजातून आणि मिशनऱ्यांकडूनही टीका झाली. तिला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकट्या का जातो, परतल्यावर बहिष्कार पडेल त्याचे काय, अशा आक्षेपांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले. हे भाषण म्हणजे गोपाळरावांची शिकवणी नव्हे. आक्षेपांची विभागणी, त्यांतील सौम्य उपरोध आणि स्त्रियांच्या आरोग्याविषयीची कळकळ यांवर स्वतंत्र बुद्धीची मुद्रा आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. ४ जून रोजी त्या न्यू यॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटरबाई बंदरावर आल्या होत्या. पत्रांतून जुळलेली मावशी-भाची तेथे प्रथम भेटली.

(५)

रोझेल येथील उन्हाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून फिलाडेल्फियाचे पर्व सुरू झाले. पेनसिल्व्हेनियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यकशास्त्राची पदवी देणारे अग्रगण्य विद्यालय होते. अधिष्ठात्री रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. त्यांनी या विद्यार्थिनीला प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

कॉलेजातील अभ्यासापेक्षा संसार मांडणे अधिक कठीण गेले असावे. फिलाडेल्फियाच्या थंडीत नीट न पेटणाऱ्या, धूर कोंडणाऱ्या शेगडीच्या खोलीत राहून, शाकाहाराचे व्रत सांभाळून, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत त्यांनी शिक्षण केले. प्रकृती मुळात नाजूक होती. ती या काळात अधिक ढासळली. क्षयाची बाधा पुढे उघड झाली. वेषाचा प्रश्नही वरवर पाहता क्षुल्लक, पण प्रत्यक्षात मोठा होता. नऊवारी लुगड्यात पायाचा भाग उघडा राहतो. त्या हवेत ते सोसवेना, आणि त्या समाजात ते सभ्यही दिसेना. म्हणून त्यांनी गुजराती धर्तीवर साडी नेसण्यास सुरुवात केली. हा बदल त्यांनी आपल्या विचाराने केला आणि पतीला पत्राने कळवून त्याचे समर्थन केले. पाश्चात्त्य पोशाख त्यांनी स्वीकारला नाही. धर्म, आहार आणि वेष यांतील काय सोडावयाचे व काय राखावयाचे, याचा विवेक त्या एकट्या करीत होत्या.

कॉलेजात जगाच्या अन्य भागांतूनही विद्यार्थिनी येत होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासमवेत घेतलेले त्यांचे १८८५ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशी पोशाखात आहेत. समुद्रापलीकडे गेलेली स्त्री एकाकीच असली पाहिजे, ही कल्पना त्या चित्राने दूर होते. मैत्रिणी, शिक्षिका, मानलेली मावशी, व्याख्यानांना येणारे श्रोते असे एक स्वतंत्र गोत आनंदीबाईंभोवती निर्माण झाले होते. या गोतात त्यांची ओळख कुणाची पत्नी म्हणून नव्हती.

(६)

या काळातील पती-पत्नींचा पत्रव्यवहार हा चरित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ऐवज होय. गोपाळरावांच्या पत्रांत अभिमान होता, तसा संशयही होता. पत्नीच्या वेषाविषयी, परक्या माणसांत वावरण्याविषयी, तिच्या निष्ठेविषयी ते बोचक लिहीत. ज्या स्वातंत्र्याचे बी त्यांनी स्वतः पेरले, त्याला आलेली पालवी पाहून त्यांचे मन अस्वस्थ होत असावे.

आनंदीबाईंनी दिलेल्या उत्तरांपैकी एका पत्रात बालपणापासूनच्या मारहाणीची नोंद आहे. मीरा कोसंबी यांनी १९९६ मधील आपल्या निबंधात या पत्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि आनंदीबाईंच्या विखुरलेल्या प्रतिमेचा प्रश्न उपस्थित केला. दहा वर्षांची असताना लाकडाने मारणे, वस्तू फेकणे, बाराव्या वर्षी सोडून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा, असा वयाच्या क्रमाने हिशेब त्यात मांडला आहे. हे वागणे बरे की वाईट हे ठरवणे अवघड आहे, असा त्यांचा सूर आहे. शेवटी जे फळ मिळाले त्याकडे पाहिले तर ते योग्य ठरते. कोवळ्या मनावर होणाऱ्या परिणामांकडे पाहिले तर ते चुकीचे ठरते. हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा अधिकार नसतो, याची जाणीवही तेथेच व्यक्त झाली आहे. आणि ती व्यक्त करताना त्या बोलत आहेत.

हे पत्र कल्याण वा कोल्हापूर येथून लिहिले जाणे शक्य नव्हते. तेथे पती समोर होता आणि लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते. दोन समुद्रांचे अंतर आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा दोन वर्षांचा अनुभव यांनी हे पत्र संभवनीय केले. मात्र याच आनंदीबाईंनी अमेरिकन स्त्रियांसमोर बालविवाहाच्या प्रथेचे समर्थनही केले आणि श्रोत्यांना चकित केले, हे विसरता कामा नये. खासगी पत्रात जिची वेदना आहे, तिचीच जाहीर व्यासपीठावर पाठराखण आहे. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. परक्यांपुढे आपल्या समाजाची अब्रू राखणे आणि घरातल्या माणसापुढे घराचे सत्य सांगणे, या दोन निष्ठा त्यांना एकाच वेळी पाळावयाच्या होत्या. याच वर्षांत, १८८४ पासून, मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंवरील वैवाहिक हक्कांचा दावा चालू होता. तेथे तोच प्रश्न न्यायासनापुढे उघड झाला. आनंदीबाईंनी तो पत्राच्या घडीत ठेवला.

(७)

आनंदीबाई शिक्षणाच्या उत्तरार्धात असताना गोपाळराव अमेरिकेत आले. नोकरी मागे टाकून, पूर्वेच्या वाटेने, पॅसिफिक महासागर ओलांडून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. पत्नी एका महासागरावरून आली, पती दुसऱ्यावरून. वाटेत व्याख्याने देत ते पुढे सरकले. हिंदुस्थानात ज्यांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली होती, तेच गोपाळराव आता अमेरिकन व्यासपीठांवरून मिशनऱ्यांवर, ख्रिस्ती समाजाच्या दांभिकतेवर आणि पाश्चात्त्य स्त्रीजीवनावर कोरडे ओढीत होते. वृत्तपत्रांत त्याचा बोभाटा झाला.

गोपाळरावांची टीका सर्वस्वी निराधार होती असे नाही. परदेशी धर्मप्रसारकांच्या अहंकारावर त्यांच्याच देशात जाऊन बोट ठेवणे यात एक प्रकारचे तेज आहे. परंतु ज्यांच्या घरी पत्नी राहिली, ज्यांनी तिला विद्या दिली, त्याच समाजात ती व्याख्याने होत होती. बोलणाऱ्याला पुढच्या गावी जावयाचे होते. ऐकलेल्यांना तोंड द्यावयाचे ते आनंदीबाईंना. कार्पेंटर कुटुंब, बॉडली आणि कॉलेजचे हितचिंतक यांच्याशी जुळलेले नाते त्यांनी दोन-अडीच वर्षांत परिश्रमाने उभे केले होते आणि पतीच्या आगमनाने ते कसोटीस लागले. कॅरोलाइन हिली डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये लिहिलेल्या चरित्रातूनही गोपाळरावांविषयीची तेथील मंडळींची नाराजी जाणवते.

अशा स्थितीत पतीचे स्वागत करणे म्हणजे केवळ बिऱ्हाडात त्याची सोय लावणे नव्हे. नव्या घरी येणारी सून सासरचे वळण शिकते. न शिकली तर बोल तिला लागतो. येथे नवे वळण शिकण्याची पाळी पतीवर होती, त्याला ते शिकावयाचे नव्हते, आणि बोल मात्र पत्नीला लागत होता. गोपाळराव हे पत्नीचे गुरू. पण या भूमीवर त्यांना देण्यासारखी शिकवण संपलेली होती, आणि स्वतः शिष्य होण्याची त्यांची तयारी नव्हती. आनंदीबाईंनी पतीला सोडले नाही, मैत्रिणींनाही सोडले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. शरीर खंगत असताना हे तिहेरी ओझे त्यांनी वाहिले.

(८)

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पुरे होण्यास तेव्हा काही दिवस उरले होते. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आयुर्वेदातील आणि आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकातील ज्ञान त्यांनी त्यात एकत्र आणले. समारंभास गोपाळराव होते, आणि इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे शिकत-शिकवीत असलेल्या पंडिता रमाबाई त्यासाठी मुद्दाम समुद्र ओलांडून आल्या होत्या. दोघींत दूरचे नातेही होते. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळवली. भारतीय स्त्रीच्या वैद्यकशिक्षणाच्या दोन वाटा अशा एकाच वर्षी खुल्या झाल्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. बोस्टन येथील स्त्रियांच्या रुग्णालयातील अनुभव प्रकृतीमुळे अल्पकाळच घेता आला. ऑक्टोबर १८८६ मध्ये पती-पत्नी एकत्र परतीच्या जहाजावर चढले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचले. बहिष्काराची भीती खरी ठरली नाही. समाजाने कौतुक केले. पण कोल्हापूरला जाऊन कामावर रुजू होणे घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांचे स्मारक झाले. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याची प्रस्तावना बॉडली यांची आहे. अमेरिकेतील गोताने आनंदीबाईंना आपली मानले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

गोपाळराव पुढे पंचवीस वर्षे जगले. १८९० मधील पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण त्यांनीच घडवून आणले आणि रानडे-टिळकांसह अनेकांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले. पुढे ते ख्रिस्ती झाले आणि परतही आले. १९१२ मध्ये त्यांचा अंत झाला. कुठल्याही घरात न रमणारा हा मनुष्य होता. त्यांचे अमेरिकेतील वर्तन या स्वभावाशी सुसंगतच आहे. पत्नीविषयीच्या वैराचे ते फळ नव्हे.

(९)

आनंदीबाईंच्या चरित्रवाङ्मयाचा विचार करताना काशीबाई कानिटकरांचे स्थान वेगळे मानावे लागते. स्वतः लपूनछपून शिकलेल्या या लेखिकेने आपल्याच पिढीतील स्त्रीचे चरित्र पत्रांच्या आधारे लिहिले. कादंबरीने पुढे कथेचे केंद्र गोपाळरावांच्या व्यक्तित्वाकडे सरकवले. कादंबरीकाराचे ते स्वातंत्र्य होय आणि कलाकृती म्हणून तिचे यश निर्विवाद आहे. अडचण निर्माण होते ती कादंबरी चरित्राची जागा घेते तेव्हा. कीर्तने आणि कोसंबी यांच्या संशोधनाने ती जागा पुष्कळ अंशी मोकळी केली आहे. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र अद्याप कादंबरीतील आनंदीच प्रमाण मानली जाते, असा अनुभव येतो. 'आनंदी गोपाळ' शिकवताना काशीबाईंचे चरित्र आणि आनंदीबाईंची पत्रे शेजारी ठेवली, तर एकाच जीवनाची दोन केंद्रे विद्यार्थ्यांना तुलनेने तपासता येतील. कोणत्या प्रसंगी निर्णय कुणी घेतला, बोल कुणाला लागला आणि तो प्रसंग कथनात किती जागा व्यापतो, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

या अभ्यासाला स्थानिक संदर्भही आहे. ज्या कल्याणातून यमुना जोशी निघाली, ते आज डोंबिवलीसह एका महानगरपालिकेत सामावले आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या घरांतून शिक्षणासाठी व अध्यापनासाठी परदेशी जाणे आता नित्याचे झाले आहे. एक जोडीदार आधी जातो, घर लावतो, दुसरा मागून येतो. आधी जाणारी व्यक्ती स्त्री असणे हेही नवल राहिलेले नाही. मागून येणाऱ्याने दुसऱ्याने उभे केलेल्या जगात कसे वागावे, हा प्रश्न मात्र तेवढाच अवघड आहे. मराठी चरित्रवाङ्मयात तो प्रथम ज्या जीवनात उभा राहिला, त्याचा अभ्यास पतीच्या उपकाराची कथा म्हणून न करता एका स्त्रीने घेतलेल्या निर्णयांची मालिका म्हणून करणे अगत्याचे आहे. त्यासाठीची साधने आता उपलब्ध आहेत.